वाळवंटातील वासराचे आंबोण

शेमाची प्रार्थना आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून मुखोद्गत असते. परंतु तिच्या दुसऱ्या परिच्छेदातील एका क्रमाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. देवारीमच्या अकराव्या अध्यायातून घेतलेल्या या भागात परमेश्वर आधी गुराढोरांसाठी रानात गवत देण्याचे आश्वासन देतो आणि त्यानंतरच माणसाच्या तृप्तीचा उल्लेख येतो. तलमूदकार आचार्यांनी बेराखोथ या खंडात या क्रमावरून नियमच घालून दिला की, आपल्या जनावरापुढे वैरण टाकल्यावाचून धन्याने स्वतः अन्नाला हात लावू नये. आपल्याकडे 'आधी पोटोबा' म्हणण्याची रीत आहे खरी. पण या नियमाप्रमाणे पहिला पोटोबा गोठ्यातला, आणि मग आपला.

बेने इस्राएलांना हा नियम ग्रंथातून शिकण्याची गरज फारशी पडली नसावी. कोकणातल्या खेड्यापाड्यांत आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले जात. त्यांचा घाणा बैलाच्या खांद्यावर चाले, आणि शब्बाथच्या दिवशी धन्याबरोबर तो बैलही मोकळा राही. घाण्यातून निघालेले तेल बाजारात जाई आणि मागे राही ती पेंड. गुरांच्या खुराकात पेंडीचे मोल काय आहे हे तेल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? याच पेंडीपाशी आपल्याला या लेखात पुन्हा यावयाचे आहे; मात्र कोकणातून नव्हे, तर अरबी समुद्रापलीकडच्या अशा एका देशातून, जिथे शेमातील ते गवतच रानात उगवत नाही.

गवत नसलेल्या देशातील गोठे

अरबस्तानाचा उल्लेख आपल्या धर्मग्रंथांत अनेकदा येतो. यहेज्केल संदेष्ट्याने सोर नगरीच्या व्यापाराचे वर्णन करताना अरबस्तानातून येणारी कोकरे, मेंढे आणि बकरे मोजून दाखविले आहेत. यशयाने केदाराचे कळप आणि नबायोथाचे मेंढे सांगितले आहेत. खैबर, तैमा आणि यथ्रिब येथील मरूद्यानांत सातव्या शतकापर्यंत ज्यू वस्त्या होत्या व तेथील लोक खजुराच्या बागा राखीत. परंतु या साऱ्यांत दुभत्या गाईला मोठे स्थान नाही. ती भूमी उंटाची, मेंढीची आणि शेळीची. पूर्वेकडील अल-अहसाच्या विस्तीर्ण मरूद्यानात तेवढी 'हसावी' नावाची लहान चणीची गाय खजुराच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात असे.

1970 नंतर खनिज तेलाच्या किमती वाढल्या आणि हे चित्र पालटले. कोकणातील कितीतरी तरुण रोजगारासाठी त्या देशाकडे गेले, ते याच काळात. आपल्या लोकांस लागणारे अन्न आपल्याच भूमीत पिकवावे, असा निश्चय सौदी राज्यकर्त्यांनी केला. 1977 मध्ये 'अल्मराई' ही दुग्धसंस्था एका सौदी राजपुत्राने आयर्लंडमधील दोघा उद्योजक बंधूंच्या साहाय्याने स्थापिली. 1981 मध्ये 'नादेक' ही राष्ट्रीय कृषिसंस्था राजाज्ञेने अस्तित्वात आली. रियाधच्या आग्नेयेस असलेल्या अल-खर्ज परिसरात 'अल-साफी'चे प्रचंड गोशाळाक्षेत्र उभे राहिले आणि जगातील सर्वांत मोठे एकसंध दुग्धक्षेत्र म्हणून त्याची नोंद गिनीजच्या ग्रंथात झाली. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांहून अधिक तापणाऱ्या या प्रदेशात उत्तर युरोपच्या थंडीत वाढलेली काळीपांढरी होल्स्टीन गाय आणून ठेवली गेली. उंच छपरे, मोठे पंखे आणि पाण्याचे सूक्ष्म तुषार यांच्या साहाय्याने तिच्याभोवतीची हवा निवविण्यात आली. इस्राएलातही आराबाच्या वाळवंटात योतवाता किबुत्झने असेच गोठे थाटले आहेत. तेव्हा वाळवंटात दूध निघणे ही आता अद्‌भुत गोष्ट राहिलेली नाही.

मात्र गाय विकत आणता येते, तिचा वंश आपल्या गोठ्यातच वाढवावा लागतो. आज जन्मलेली कालवड दोन वर्षांनी गाय होणार. त्या दोन वर्षांत, आणि विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, तिच्या गव्हाणीत काय पडते यावर पुढील सारे दूध अवलंबून असते. जिथे चरायला रान नाही तिथे चुकीची भरपाई करण्यास निसर्ग येत नाही. आपल्याकडील वासरू गव्हाणीत काही उणे पडले तर बांधावरचे चार घास ओरबाडून ते भरून काढते. अल-खर्जच्या वासराला माणूस जे देईल तेवढेच मिळते. म्हणून आंबोण कसे निवडावे आणि कसे तोलावे, हा विषय शिकावयाचा तर तो वाळवंटातच शिकावा.

वासराच्या पोटाची घडण

रवंथ करणाऱ्या जनावरास पोटाचे चार कप्पे असतात. प्रौढ गाईत त्यांपैकी पहिला, म्हणजे कोटीपोट, सर्वांत मोठा असून त्यात असंख्य सूक्ष्म जीव वैरण आंबवून तिचे पोषणात रूपांतर करतात. नवजात वासराचे कोटीपोट मात्र लहान आणि निद्रिस्त असते. त्याने प्यालेले दूध अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या पन्हळीतून कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या, खऱ्या पोटात उतरते. या अवस्थेत वासरू जणू एकाच पोटाचे प्राणी असते. त्याला रवंथ करणारे जनावर बनविणे हेच पहिल्या दोन महिन्यांतील खरे काम.

प्रारंभ अर्थातच चिकाने होतो. मातेच्या उदरात असताना वासरास रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची शक्ती एका दिवसात संपते. म्हणून जन्मानंतर पहिल्या दोन तासांच्या आत, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे चाळीस किलोच्या होल्स्टीन वासरास सुमारे 4 लिटर, चीक पाजावा लागतो. आपल्याकडे खरवसाच्या मोहाने वासराच्या वाट्याचा चीक शेजारीपाजारी वाटला जातो, त्याचा विचार प्रत्येकाने करावा.

चीक आणि दूध वासराला जगवितात. पण कोटीपोट जागे करते ते धान्य. पूर्वी अशी समजूत होती की, वासराला लवकर सुके गवत दिले म्हणजे त्याचे पोट ताणून मोठे होते व ते लवकर वैरण पचवू लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या प्रयोगांनी ही समजूत अर्धवट ठरविली. कोटीपोटात नुसते भरताड घातले असता ते आकाराने वाढले, परंतु त्याच्या आतील अस्तरावर पोषण शोषून घेणारे जे बारीक अंकुर यावयास हवेत ते आले नाहीत. धान्य आंबल्यावर जी आम्ले तयार होतात त्यांच्या स्पर्शाने हे अंकुर फुटतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वासरापुढे मूठभर भरडा ठेवावा, आणि त्याच्या जवळच स्वच्छ पाणी. दूध तर पन्हळीतून पुढे निघून जाते. कोटीपोटातील सूक्ष्म जीवांना लागणारे पाणी वेगळे प्यावे लागते. ज्या वासरास दुधाखेरीज पाणी मिळत नाही त्याचे धान्य खाणे सुमारे एकतृतीयांशाने घटते. 'दूध पितंय, त्याला पाणी कशाला?' हा प्रश्न अनेक गोठ्यांत ऐकू येतो. त्याचे उत्तर हे आहे.

दूध तोडण्याचा दिवस पंचांगावरून ठरवू नये, गव्हाणीवरून ठरवावा. वासरू सलग तीन दिवस रोज किमान एक किलो आंबोण खाऊ लागले म्हणजे ते दुधावाचून राहण्यास सिद्ध झाले असे समजावे. साधारणपणे ही वेळ आठव्या आठवड्याच्या सुमारास येते. तोवर एका वासराला सारे मिळून पंचवीस-तीस किलो आंबोण लागते. एवढ्याशा खर्चात हात आखडता घेणारा धनी पुढे दोन वर्षे त्याची किंमत मोजीत राहतो.

धान्य-धान्याचे गुण

सर्व गुण एकाच धान्यात नसतात. म्हणूनच निवड आणि तोल या दोन गोष्टींची आवश्यकता भासते.

जव, ज्याला आपण सातूही म्हणतो, हे अरबस्तानचे जुने पशुखाद्य. सौदी अरेबिया अनेक वर्षे जगातील सर्वांत मोठा जव-आयातदार देश राहिला असून त्यातील बराचसा जव मेंढ्या व उंट यांच्या वाट्याला जातो. जवात प्रथिने सुमारे 11 टक्के असतात. त्याचे पिष्ट कोटीपोटात वेगाने आंबते. त्यामुळे तो फार झाला तर पोटात आम्लता वाढते. मक्यात प्रथिने थोडी कमी, 9 टक्क्यांच्या आसपास, पण ऊर्जा सर्वांत अधिक. शिवाय त्याचे पिष्ट जवापेक्षा सावकाश पचते, म्हणून दोहोंची जोडी उत्तम जमते. पिवळ्या मक्यात जीवनसत्त्व 'अ' देणारे द्रव्यही थोडेफार असते; जवात ते जवळजवळ नसते. आपल्याकडील ज्वारी गुणाने मक्याच्या जवळची, परंतु तिचा दाणा टणक असल्याने ती भरडल्यावाचून घातली तर शेणातून तशीच बाहेर पडते. ओट हलके व सालपटयुक्त म्हणून कोवळ्या पोटास मानवतात. गहू चिकट व शीघ्र आंबणारा; तो आंबोणात थोडाच असावा. गव्हाचा कोंडा मात्र पोट साफ ठेवणारा, फुगीर आणि 15 टक्के प्रथिनांचा.

येथे आपल्या वाचकांस जिव्हाळ्याचा वाटेल असा एक प्रश्न उद्‌भवतो. पेसाहच्या दिवसांत खमीर केवळ खाण्यासच नव्हे, तर बाळगण्यास व त्यापासून लाभ घेण्यासही मनाई आहे. गहू, जव आणि ओट ही खमीर होणारी धान्ये. ओलावलेले आंबोण जनावरास घालणे हाही लाभच. म्हणून इस्राएलातील अनेक गोठ्यांत सणापूर्वी जव-गहू बाजूस सारून मका व ज्वारी यांवर भर दिला जातो. हा पालट मात्र सणाच्या आदल्या दिवशी करून चालत नाही. कोटीपोटातील सूक्ष्म जीवांस नव्या धान्याची सवय होण्यास सात ते दहा दिवस लागतात. एकाएकी बदल केल्यास पोटफुगी व हगवण ठरलेलीच. सणाची तयारी गृहिणी जशी आठवडाभर आधी करते, तशीच ती गोठ्यातही करावी लागते.

धान्यानंतर पेंड. धान्यांत ऊर्जा विपुल, पण वाढत्या हाडामांसाला लागणारी प्रथिने अपुरी. ती पेंडीतून पुरवावी लागतात. भुईमुगाच्या पेंडीत ती 40 टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनच्या पेंडीत त्याहूनही थोडी अधिक व गुणाने सरस असतात, कारण धान्यांत उणा असलेला लायसीन हा घटक सोयाबीनमध्ये भरपूर आहे. भुईमुगाची पेंड दमट जागी साठविली तर तिला बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. कुबट वासाची पेंड स्वस्त मिळाली तरी वासरापुढे टाकू नये. विदर्भ-मराठवाड्यात सरकी व सरकीची पेंड गाईम्हशींना आवडीने घालतात. प्रौढ जनावरास ती मानवते. परंतु तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य निष्प्रभ करण्याचे सामर्थ्य कोवळ्या कोटीपोटात नसते. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत ती टाळणेच श्रेयस्कर. तोच नियम युरियाचा. लहान वासराच्या आंबोणात त्याला थारा नाही.

पेन्सिलीने मांडावयाचा हिशेब

कोवळ्या वासराच्या आंबोणात शेकडा 18 ते 20 भाग प्रथिने असावीत असा दंडक आहे. हे प्रमाण साधण्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. एक चौकोन पुरे. समजा, धान्यांच्या मिश्रणात 10 टक्के प्रथिने आहेत आणि पेंडीत 40 टक्के. आपल्याला हवीत 18. चौकोनाच्या डाव्या कोपऱ्यांत 10 आणि 40 लिहावे, मध्ये 18 लिहावे, आणि तिरकस वजाबाकी करावी. 40 मधून 18 गेले, राहिले 22. हे धान्याचे भाग. 18 मधून 10 गेले, राहिले 8. हे पेंडीचे भाग. एकूण भाग 30. म्हणजे 100 किलोत धान्य सुमारे 73 किलो व पेंड 27 किलो. पेंड सोयाबीनची असून तीत 44 टक्के प्रथिने असतील, तर हाच हिशेब धान्याचे 26 व पेंडीचे 8 भाग असा येतो, आणि पेंड साडेतेवीस किलोंतच भागते.

हे सूत्र हाती घेऊन प्रत्यक्ष आंबोण असे बांधता येईल: भरडलेला जव 30 किलो, भरडलेला मका 25 किलो, गव्हाचा कोंडा 15 किलो, भुईमुगाची पेंड 27 किलो, क्षारमिश्रण 2 किलो आणि मीठ 1 किलो. प्रत्येकाची प्रथिने मांडून बेरीज केली असता ती 18.6 येते. भरडा जाडसर असावा. पिठासारखे दळलेले आंबोण नाकातोंडास चिकटते, वासरू ते नाकारते, आणि खाल्लेच तर ते पोटात झपाट्याने आंबून अपाय करते.

प्रथिनांचा तोल साधला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. धान्य व कोंडा यांत स्फुरद अधिक आणि चुना अत्यल्प असतो. वाढत्या हाडांना चुना स्फुरदाच्या दीडपट ते दुप्पट हवा. हा तोल बिघडला तर हाडे ठिसूळ राहतातच; शिवाय गोऱ्ह्यांना मूतखड्याचा विकार जडतो. उष्ण देशात पाणी कमी पडले की हा धोका वाढतो. वरील आंबोणातील 2 किलो क्षारमिश्रणाचे प्रयोजन हेच. कोंडा अधिक घातला तर चुन्याची भुकटीही त्या मानाने वाढवावी लागते.

अरबस्तानात आणखी एक स्वस्त वस्तू मिळते, ती म्हणजे माणसाच्या पंक्तीतून बाद झालेला खजूर. त्याची बी दळून जनावरांस घालण्याची चालही तिकडे जुनी आहे. खजूर गोड, वासरे तो आवडीने खातात आणि त्यात ऊर्जाही पुष्कळ; परंतु प्रथिने जेमतेम अडीच टक्के. वरील आंबोणातील 20 किलो धान्य काढून तेथे खजूर घातला तर 18.6 वरून प्रमाण 17.1 वर घसरते, आणि ते पूर्ववत आणण्यास आणखी 5 किलो धान्य कमी करून तेवढी पेंड घालावी लागते. स्वस्त वस्तूने झालेली बचत महाग वस्तूने किती खाल्ली, हे पाहूनच खजूर घालावा की नाही ते ठरते. खुराकाचा तोल म्हणतात तो हाच; जे घातले त्यात काय उणे आहे, आणि ते उणे कोण भरून काढील, हा सततचा प्रश्न.

यशयाच्या तिसाव्या अध्यायात चांगल्या दिवसांचे एक चित्र आहे. त्या काळी शेतात राबणारे बैल व गाढवे पाखडून, निवडून, चवदार केलेले मिश्र खाद्य खातील, असा त्याचा आशय. तेथे 'बलील' हा हिब्रू शब्द आला आहे. आणि आजच्या इस्राएलातील गवळी गाईंसाठी वैरण, धान्य, पेंड व क्षार एकत्र कालवून जे संपूर्ण खाद्य बनवितात त्यालाही 'बलील' असेच म्हणतात. संदेष्ट्याला सुबत्तेची खूण म्हणून राजवाडे सुचले नाहीत; निवडलेले, पाखडलेले आंबोण सुचले.

दूध तुटल्यानंतर वासरू झपाट्याने खाऊ लागते. तीन-चार महिन्यांच्या वयात दोन किलो व सहा महिन्यांच्या सुमारास अडीच किलो आंबोण, त्याबरोबर हवी तेवढी उत्तम सुकी वैरण, हे ढोबळ मान. प्रथिनांचे प्रमाण आता 16 टक्क्यांवर आणि सहा महिन्यांनंतर 14 टक्क्यांवर आणता येते, कारण कोटीपोट वैरणीतूनही काम काढू लागलेले असते. होल्स्टीन कालवडीने रोज सात-आठशे ग्रॅम वाढावे. याहून कमी वाढली तर ती उशिरा गाभण राहते. याहून फार वाढली तर अंगावर चरबी चढते आणि कासेची घडण बिघडते. गुबगुबीत कालवड पाहून धन्याला आनंद होतो, पण तो आनंद दुधाच्या चरवीत उतरतोच असे नाही.

उन्हातील पथ्ये

उष्णतेत जनावराची भूक मंदावते, आणि शरीर थंड राखण्यातच त्याची पुष्कळ शक्ती खर्च होते. म्हणजे गरज वाढते व खाणे घटते. म्हणून आंबोण पहाटे व दिवस कलल्यावर घालावे. खजूर किंवा मळी घातलेले ओलसर आंबोण दुपारच्या उन्हात लवकर आंबते. उरलेले दिवसाकाठी काढून गव्हाण स्वच्छ करावी. पाणी सावलीत ठेवावे. हगवण लागलेल्या वासरास वाळवंटात काही तासांतच शोष पडतो. त्याला क्षार व साखर घातलेले पाणी वेळीच पाजणे हाच प्राणरक्षक उपाय.

हिरव्या वैरणीचा प्रश्न याहून बिकट. सौदी लोक ज्याला 'बरसीम' म्हणतात ती आपली लसूणघास. हिंदुस्थानात बरसीम म्हणून ओळखली जाणारी वैरण वेगळी. लसूणघासात प्रथिने आहेत, चुना आहे, जीवनसत्त्व 'अ' देणारे द्रव्य आहे. धान्यात जे नाही ते नेमके तिच्यात आहे. वासराच्या तराजूचे दुसरे पारडे जणू तीच. परंतु ती वर्षभर पाणी पिणारी. आणि येथेच अल-खर्जच्या गोठ्यातील हिशेब गोठ्याबाहेर पडतो.

पाण्याचे देणे

सौदी अरेबियात नद्या नाहीत. पिकांना दिलेले बहुतेक पाणी जमिनीच्या पोटातील अशा थरांतून उपसले गेले, जे हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाने भरले होते आणि आता जवळजवळ भरून येत नाहीत. या पाण्यावर गव्हाची मोठी योजना आखण्यात आली. 1984 च्या सुमारास देश गव्हात स्वयंपूर्ण झाला. 1992 मध्ये उत्पादन सुमारे 40 लाख टनांवर गेले आणि वाळवंटातला गहू परदेशी विकला जाऊ लागला. विहिरी मात्र खोल खोल जाऊ लागल्या. अखेर 2008 मध्ये शासनाने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने घटवून 2016 पर्यंत थांबविण्याचा निर्णय घेतला. गहू सोडलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी लसूणघास लावली, आणि ती गव्हाहूनही अधिक पाणी प्याली. तेव्हा 2015 च्या अखेरीस हिरव्या वैरणीची लागवडही आवरती घेण्याचे ठरले. मोठ्या दुग्धसंस्थांना वैरण समुद्रापलीकडून आणणे भाग पडले.

अल्मराईने त्याआधीच 2011 मध्ये अर्जेंटिनात शेतजमीन घेणारी कंपनी ताब्यात घेतली होती. 2014 मध्ये तिने अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात सुमारे दहा हजार एकर जमीन 4 कोटी 75 लाख डॉलरला विकत घेतली. तेथे पिकलेली लसूणघास गठ्ठे बांधून जहाजाने अरबस्तानात येऊ लागली. पण अॅरिझोनाही वाळवंटच. शेजारच्या गावकऱ्यांच्या विहिरी आटू लागल्याच्या तक्रारी उठल्या, आणि 2023 च्या ऑक्टोबरात त्या राज्याच्या गव्हर्नर केटी हॉब्स यांनी बटलर व्हॅलीतील सरकारी जमिनीचा एक भाडेपट्टा रद्द करून उरलेल्यांचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले. एका वाळवंटातल्या वासराची वैरण दुसऱ्या वाळवंटाच्या आडातून आली, तरी ते पाणी कोणाच्या तरी पोहऱ्यातूनच गेले.

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण आपण सहज वापरतो. वासराच्या बाबतीत ती दोनदा खरी ठरते. गव्हाणीत जे नाही ते पुढे चरवीत येणार नाही. आणि जमिनीत जे नाही ते अखेर गव्हाणीतही येणार नाही. चौकोनातील तिरकस वजाबाकी प्रथिनांचे उणे दाखविते. पाण्याचे उणे दाखविणारा चौकोन मात्र प्रत्येक देशाला स्वतःच आखावा लागतो. सौदी राज्यकर्त्यांनी गव्हाच्या भरघोस पिकाकडे पाठ फिरवून तो उशिरा का होईना आखला, यातून मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यांनी आणि नेगेवमधील शेतकऱ्यांनीही बोध घेण्यासारखा आहे.

याचा अर्थ वासराला उपाशी ठेवावे असा नाही. आपल्या आचार्यांचा नियम तसे करू देत नाही. अर्थ एवढाच की, जनावर पाळण्याआधीच त्याच्या घासाचा विचार झाला पाहिजे. पोसता येतील तेवढीच वासरे राखावीत. जवळ पिकते ते धान्य आधी पाहावे, त्यात काय उणे आहे ते मोजावे, आणि तेवढेच बाहेरून आणावे. कोकणातील तेल्याजवळ चौकोनाचे गणित नव्हते; पण घाणीतून निघालेली पेंड, घरचा कोंडा आणि बांधावरचे गवत यांचा मेळ त्याने रोज घातला. त्याचा बैल शनिवारी विसावा घेई, तेव्हा त्याच्या पुढ्यात खुराक असे, आणि त्यानंतरच घरात किद्दुश होऊन धन्याचे जेवण वाढले जाई.

पुढच्या वेळी शेमाचा तो परिच्छेद म्हणताना गुरांच्या गवताचे शब्द ओठांवर आले, की क्षणभर थांबावे. तेथे जे आश्वासन आहे ते पावसाशी, आणि पाऊस आपल्या वर्तनाशी जोडलेला आहे. गव्हाण भरणे हे धन्याचे काम. आड रिता न करणे हेही त्याचेच.